छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी हाताने घडवलेली लाकडी मूठ: आतली बाजू आधी

रिव्हॉल्व्हरची मूठ म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या, एक स्क्रू आणि फ्रेमच्या, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या धातूच्या सांगाड्याच्या, बुडाशी असलेली एक बारीक पिन. एवढाच संसार. तरीही पहिल्यांदा हात घालणाऱ्याची मूठ बहुतेक वेळा बाहेरून देखणी आणि आतून सैल होते, कारण लाकूड हातात आलं की आकार द्यायची घाई होते. काम उलट क्रमाने करायचं असतं. आधी धातूला टेकणारी बाजू, मग पिनचं भोक, मग स्क्रू, आणि सगळ्यात शेवटी तळहाताला लागणारी गोलाई. आतली बाजू बिनचूक बसली असेल तर बाहेरचा आकार थोडा कमीजास्त झालेला चालतो. आतली बाजू चुकली तर बाहेर कितीही पॉलिश करा, पहिल्या दहा गोळ्यांत फळी हलायला लागते.

इथे जे लिहिलंय ते स्मिथ अँड वेसनच्या जे-फ्रेमसारख्या, म्हणजे 1950 साली आलेल्या मॉडेल 36 च्या घराण्यातल्या छोट्या, गोल बुडाच्या रिव्हॉल्व्हरला धरून आहे. दुसऱ्या बनावटीलाही पायऱ्या त्याच लागू पडतात, फक्त पिनची जागा आणि आतल्या स्प्रिंगची ठेवण वेगळी असू शकते.

हात लावण्यापूर्वी

रिव्हॉल्व्हर ज्याच्या परवान्यावर आहे त्यानेच ती हाताळायची. दुसऱ्याच्या कारखान्यात मोजमापासाठी ठेवून येणं हासुद्धा कायद्याचा प्रश्न होतो, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या. काडतुसं ठेवायचं फिरतं सिलिंडर उघडा, त्यातल्या प्रत्येक चेंबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या खोबणीत, डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात जाऊ द्या. बाकावर काम चालू असताना एकही जिवंत काडतूस त्या खोलीत नको. उठून चहा घेऊन परत आलात तरी सिलिंडर पुन्हा उघडून बघायचं.

या कामात यंत्रणेला हात लावायचा नाही. बाजूचं झाकण उघडू नका, फ्रेमवर कानस मारू नका, पिन तासू नका. लाकूड धातूच्या मापाला येतं, धातू लाकडाच्या मापाला नाही. फ्रेमला मास्किंग टेपचे दोन थर लावून ठेवा आणि लाकडाचा भुसा आत जाणार नाही असं हॅमरच्या (काडतुसावर ठोका देणाऱ्या घोड्याच्या) मागचं, ट्रिगरच्या आसपासचं तोंड बंद करा. भुसा आतल्या तेलात मिसळला की त्याची लापशी होते आणि हॅमर जड चालायला लागतो.

कोणती धाटणी निवडायची

तीन धाटण्या दिसतात. पहिलीत फळ्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंना सपाट बसतात आणि पुढची-मागची धातूची पट्टी उघडी राहते. दुसरीत लाकूड पुढच्या पट्टीला वेढून ट्रिगर गार्डच्या मागची पोकळी भरून काढतं, मागची पट्टी मात्र उघडीच असते. तिसरीत लाकूड मागूनही झाकतं.

पहिल्यांदा पहिलीच करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या धाटणीत फ्रेमच्या आकाराचा खळगा प्रत्येक फळीत फ्रेमच्या निम्म्या जाडीएवढा कोरावा लागतो. त्या खळग्याचा तळ, कडा आणि दोन्ही फळ्यांचा मधला सांधा असं तीन ठिकाणी एकाच वेळी जुळावं लागतं. ते जमतं, पण आधी एक साधी जोडी करून पिन आणि स्क्रू हाताखालून गेलेले असले तर.

धाटणीचा हाताशी संबंध आहे तो नीट समजून घ्या. मागची पट्टी उघडी ठेवली तर तळव्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर बदलत नाही, फक्त मुठीची जाडी बदलते. ज्यांची बोटं आखूड आहेत त्यांना हेच सोयीचं. ज्यांचं बोट ट्रिगरवर पहिल्या पेराच्याही पुढे जातं त्यांना मागून झाकणारी मूठ बरी पडते, कारण त्या लाकडाच्या जाडीने हात मागे सरकतो. हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या चामडीवर बसतो, तोही मागची पट्टी झाकल्याने जरा पसरतो.

लाकूड

घट्ट रेषांचं, मुरलेलं, गाठ नसलेलं कठीण लाकूड हवं. अक्रोड नवशिक्याला सगळ्यात उत्तम. ते कानसेखाली चिंध्या होत नाही, तेल चांगलं पितं आणि एका दिशेने कापताना दगा देत नाही. शिसव अक्रोडापेक्षा जड आणि कठीण, रंग अप्रतिम. पण शिसवीच्या कुळातल्या लाकडांची धूळ अनेकांना बाधते. अंगावर पुरळ, डोळे चुरचुरणं, दम लागणं असा त्रास होतो आणि एकदा सुरू झाला की पुढच्या वेळी थोड्या धुळीनेही होतो. चांगला मास्क लावल्याशिवाय शिसवीवर पॉलिश पेपर फिरवू नका. आणखी एक गोष्ट, शिसवीचं जवळजवळ सगळं कूळ 2 जानेवारी 2017 पासून सायटीस या दुर्मिळ वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून परदेशातून लाकूड मागवायचं तर कागदपत्रं लागू शकतात. आबनूस टाळा. दिसायला राजेशाही, पण सुकताना बारीक तडे धरतं आणि ते तडे पिनच्या भोकापाशी बरोबर बाहेर येतात. गाठीच्या, भोवऱ्यांच्या लाकडाचं सौंदर्य मोठं असतं, मात्र त्यात रेषांना दिशाच नसते. असं लाकूड राळ मुरवून घट्ट केलेलं असेल तरच घ्या. साग चालतो, पण धातूच्या कडेला त्याचे कोपरे लवकर उडतात.

लाकडातली ओल 8 ते 10 टक्क्यांच्या आसपास हवी. ओल मोजायचं यंत्र नसेल तर तुकडा कापून, वजन करून, ज्या खोलीत काम करणार तिथे ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. तीन आठवडे वजन बदललं नाही की लाकूड त्या हवेला रुळलं. ही पायरी गाळली की काय होतं ते आकड्यांत बघा. अक्रोडाची 40 मिमी रुंद फळी घेतली आणि तिची ओल 4 टक्क्यांनी बदलली, तर रुंदीत 0.3 ते 0.4 मिमी फरक पडतो. धातूच्या कडेशी बोटाला 0.1 मिमीची पायरीसुद्धा जाणवते.

दोन्ही फळ्या एकाच तुकड्यातून काढा. जाड तुकडा मधून उभा चिरायचा आणि पुस्तक उघडावं तसे दोन भाग उघडायचे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला रेषा आरशासारख्या येतात. आतल्या दोन बाजू बाहेर येतील हे लक्षात ठेवून खडूने दोन्हींवर खुणा करा: "बाहेर", "वर", "पुढे". हे पोरकट वाटेल, पण उलटी फळी तासून बसण्याची चूक इतकी सर्रास होते की खूण केलेलीच बरी. चिरल्यावर प्रत्येक फळी 12 ते 13 मिमी जाड आणि फ्रेमच्या मुठीपेक्षा चारही बाजूंनी 10 मिमी मोठी उरली पाहिजे. चिरून झाल्या झाल्या काम सुरू करू नका. जाड लाकूड उघडलं की आतला ताण सुटतो आणि फळी पुढच्या काही दिवसांत किंचित वाकते. ती वाकायची ती आत्ताच वाकू दे.

रेषांची दिशा हा खरा मुद्दा आहे. फळीचं सगळ्यात नाजूक अंग म्हणजे वरचं टोक, जिथे ती फ्रेमच्या गोलाईभोवती शिंगासारखी निमुळती होते, आणि बुडाचा पुढचा कोपरा. रेषा त्या शिंगाच्या लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर शिंग बिस्किटासारखं तुटतं. साधारणपणे रेषा मुठीच्या पुढच्या पट्टीला समांतर ठेवल्या की दोन्ही जागा सांभाळल्या जातात.

हत्यारं

बारीक दातांची करवत (फ्रेट सॉ असेल तर फारच छान), एक दातेरी कानस म्हणजे मरफा, एक अर्धगोल आणि एक गोल कानस, 6 मिमीची धारदार पटाशी, वर्नियर कॅलिपर, उभं भोक पाडण्यासाठी ड्रिल स्टँड, मधे टोक असलेली लाकडाची ड्रिल बिटं, 80 पासून 400 नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, एक जाड सपाट काच आणि चामडं लावलेल्या जबड्यांचा बाकशिकंजा. हातातल्या ड्रिलने ही भोकं पाडू नका. दोन अंश तिरकं गेलेलं भोक 10 मिमी जाडीत जवळजवळ पाव ते अर्धा मिमी सरकतं, आणि तेवढ्याने स्क्रू समोरच्या फळीला भेटत नाही.

नकली फ्रेम

ही पायरी बरेच जण वेळखाऊ म्हणून सोडतात. सोडू नका. फ्रेमच्या मुठीएवढ्या जाडीच्या अॅल्युमिनियमच्या किंवा अॅक्रिलिकच्या तुकड्यातून मुठीच्या भागाची हुबेहूब प्रतिकृती करा. आकार उतरवताना पेन्सिल नको, टोकदार सुई वापरा. पेन्सिलचं शिसं कडेपासून अर्धा मिमी बाहेर रेघ मारतं आणि तीच चूक पुढे प्रत्येक पायरीत साठत जाते. बाहेरून कापा, मग कानसेने रेघेपर्यंत या, आणि खऱ्या फ्रेमला चिकटवून उजेडासमोर धरा. कुठूनही धातू डोकावत नसेल आणि प्रतिकृतीही बाहेर येत नसेल तर झालं. पिनच्या जागी तेवढ्याच व्यासाच्या खिळ्याचा तुकडा बसवा, दोन्ही बाजूंना पिनएवढाच बाहेर.

यामुळे कानस, पॉलिश पेपर, शिकंजा हे सगळं नकली फ्रेमवर चालतं. खरी रिव्हॉल्व्हर कपाटात राहते आणि फक्त जुळवणी तपासायला बाहेर येते. फ्रेमवरच्या ओरखड्यांची काळजी जाते, आणि शस्त्र बाकावर पडून राहण्याचा धोकाही.

आतला चेहरा

काचेवर 120 नंबरचा पेपर पसरा. फळीच्या आतल्या बाजूवर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा मारा आणि फळी पेपरवर घासा. रेघा सगळीकडून एकदम पुसल्या गेल्या पाहिजेत. नवशिक्याच्या हातून इथे फळीला "पोट" येतं: बोटं कडांवर दाबतात, फळी पुढेमागे डुलते, कडा जास्त घासल्या जातात आणि मधला भाग उंच राहतो. मग स्क्रू आवळला की फळी मधे टेकते, कडेने उघडी राहते आणि थोड्या दिवसांत मधेच चिरते. उपाय साधा आहे. बोटं फळीच्या मधोमध ठेवा, एकाच दिशेने ओढा, उचला, परत आणा. दर दहा ओढींनंतर फळी अर्धी फिरवा. शेवटी 220 ने तसंच. मग स्टीलची पट्टी उभी धरून उजेडासमोर बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर पुन्हा काचेवर.

पिनचं भोक

पिनच्या टोकाला बोटाने किंचित काजळ लावा. फळी नेमक्या जागी धरून एकदाच दाबा, हलवू नका. काळा ठिपका पडतो, त्याच्या मधोमध सुईने खड्डा करा. ड्रिल बिट पिनच्या व्यासाचं. पिनचा व्यास वर्नियरने मोजा, अंदाज नको. भोक आरपार जायचं नाही. खोली पिनच्या उंचीपेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवा, बिटावर तेवढ्या अंतरावर टेप गुंडाळा म्हणजे कळतं. खोली कमी पडली तर पिनच फळीला वर उचलून धरते, आणि तुम्ही मात्र आतल्या बाजूत दोष शोधत बसता.

भोक मोठं झालं तर फळी पिनभोवती फिरते आणि धक्क्याचा सगळा भार वरच्या शिंगावर येतो. अशा भोकात चिकटद्रव्य भरून चालढकल करू नका. भोक पुढच्या मापाला मोठं करा, त्याच लाकडाची गुल्ली इपॉक्सी लावून ठोका, एक दिवस थांबा, पातळी सारखी करा आणि नव्याने भोक पाडा. गुल्लीच्या रेषा फळीच्या रेषांच्या दिशेने ठेवा.

वरची गोलाई

आता फळीची वरची कड, जी फ्रेमच्या उंचवट्याला बिलगते. रेघेच्या 1 मिमी बाहेरून करवतीने कापा. पुढचं सगळं गोल आणि अर्धगोल कानसेने. फ्रेमच्या त्या कडेला काजळाचा अगदी पातळ हात द्या, फळी पिनवर बसवून वर सरकवा, काढा. जिथे काळं लागलं तिथेच लाकूड जास्त आहे. तेवढंच दोन-तीन फेऱ्यांत काढा आणि पुन्हा बसवा. सुरुवातीला दोनच ठिपके येतात, मग चार, मग ठिपक्यांची तुटक रेघ, आणि शेवटी कडेभर एकसारखी करडी छटा. पंधरा-वीस वेळा फळी काढून बसवावी लागते. इथे वेळ गेला तर तो वाया जात नाही.

कड एकसारखी टेकायला लागली की अख्ख्या कडेवरून साध्या कागदाच्या जाडीएवढं लाकूड, म्हणजे 0.1 ते 0.2 मिमी, काढून टाका. फिनिशच्या थराला आणि पावसाळी हवेत फुगणाऱ्या लाकडाला तेवढी जागा लागते. ती ठेवली नाही तर दमट हवेत फळी फ्रेमच्या उंचवट्याला रेटते आणि शिंगाची पातळ कड उडते. याच टप्प्यावर हेही बघून घ्या की फ्रेमवर फळीखाली येणारा एखादा स्क्रू आहे का. उजव्या बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू काही रिव्हॉल्व्हरांमध्ये मुठीखाली लपतो. त्याचं बोडकं जरासुद्धा वर असेल तर आतल्या बाजूला पटाशीने उथळ खळी करून द्या. ताज्या काजळाचा ठसा तिथेही जागा दाखवतो.

स्क्रू आणि पितळी वाट्या

स्क्रू फ्रेमच्या खिडकीतून, म्हणजे मुठीच्या भागातल्या मोकळ्या जागेतून, आरपार जातो. त्याच खिडकीत मुख्य स्प्रिंगही असते. जे-फ्रेममध्ये ती दांडीवर बसलेली गुंडाळीची स्प्रिंग आहे, तर 1927 मध्ये आलेल्या कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशलसारख्या रिव्हॉल्व्हरांत वळवलेली पाती स्प्रिंग. हॅमर मागे ओढला की ही मंडळी जागा बदलतात. म्हणून स्क्रूची जागा ठरवताना हॅमर खाली असताना आणि वर असताना, दोन्ही वेळा खिडकीत बघा. मूळ मुठीच्या स्क्रूची जागा उचलणं सगळ्यात सुरक्षित: जुनी फळी पिनवर बसवून नकली फ्रेमवर तिचं भोक उतरवा.

दोन्ही फळ्यांना आतून 1.5 मिमीचं मार्गदर्शक भोक पाडा. नकली फ्रेमवर दोन्ही फळ्या बसवून त्यातून सरळ तार घाला. तार न अडकता आरपार गेली तरच पुढे चला. मग बाहेरून आधी वाटीच्या (स्क्रूचं टोक धरणाऱ्या, लाकडात बसवायच्या पितळी तुकड्याच्या) मापाचं मोठं, उथळ भोक, आणि त्यानंतर स्क्रूच्या मापाचं आरपार भोक. हा क्रम उलटा केला तर मोठ्या बिटाचं टोक टेकायला मधे लाकूडच उरत नाही, बिट भरकटतं आणि भोकाची कड फाटते.

आणि इथेच एक सापळा आहे. फळी अजून 12 मिमी जाड आहे, घडवल्यावर स्क्रूपाशी ती कदाचित 8 मिमीच राहील. आत्ताच्या पृष्ठभागापासून 3 मिमी खोल वाटी बसवलीत तर पुढे कानस थेट पितळेवर येते, वाटी खरवडली जाते आणि लाकडापेक्षा उंच राहते. तेव्हा आधी स्क्रूच्या भोवतालची जाडी शेवटच्या मापापेक्षा फक्त 1 मिमी जास्त राहील इतकी उतरवून घ्या, आणि मगच वाटीचं भोक पाडा. वाटीच्या तळाखाली निदान 3 मिमी लाकूड उरलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर स्क्रू आवळताना वाटी लाकडातून आत घुसते.

एका फळीत स्क्रूच्या बोडक्याची वाटी, दुसरीत आट्यांची. आट्यांच्या वाटीला बाहेरून खाचा असाव्यात, नाहीतर ती स्क्रूबरोबर जागच्या जागी फिरत राहते. बसवायला 24 तासांत धरणारं इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांचं नको. ते तुलनेने कमजोर असतं आणि चूक सुधारायला वेळही देत नाही. शिसव किंवा तेलकट लाकूड असेल तर भोक आधी अॅसिटोनने पुसा, नाहीतर इपॉक्सी धरत नाही. स्क्रूच्या आट्यांना मेण लावायला विसरू नका. मेणाशिवाय इपॉक्सी आट्यांत उतरलं तर स्क्रू, वाटी आणि फळी कायमची एक होतात.

बाहेरचा आकार

आता मनासारखं घडवायची वेळ आली. दोन्ही फळ्या नकली फ्रेमवर आवळा आणि आधी बाजूची रूपरेषा धातूच्या कडेपासून अर्धा मिमी बाहेर आणून ठेवा. मग जाडी. वरच्या भागात फळी बारीक, तळव्याच्या खोलगट भागाशी सगळ्यात जाड, बुडाकडे पुन्हा उतरती. सगळ्यात फुगीर जागी प्रत्येक फळी 8 ते 10 मिमी बहुतेक हातांना पुरते. मरफ्याने मोठे उतार काढा, अर्धगोल कानसेने जोडा. मधून मधून डोळे मिटून मूठ धरा. डोळ्यांना सारख्या वाटणाऱ्या दोन बाजू हाताला लगेच वेगळ्या लागतात, पण किती वेगळ्या ते वर्नियरच सांगतं: प्रत्येक फळीवर वरून 20, 40 आणि 60 मिमीवर पेन्सिलने रेघ मारून तिथली जाडी लिहून ठेवा.

डाव्या फळीचा वरचा भाग वेगळाच घडवायचा. सिलिंडर डावीकडे उघडतं. रिकाम्या नळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची टरफलं, बाहेर पडताना आणि काडतुसं भरताना त्याच कोपऱ्यावर आपटतात. तिथे अंगठा ठेवायच्या दिशेने उथळ खोलगट उतार द्या, गोल कानसेला पेपर गुंडाळून. सिलिंडर उघडायच्या खटक्याभोवतीही बोट मोकळं फिरेल एवढी जागा ठेवा, नाहीतर धक्क्याने खटका लाकडाला घासतो. हे काम खऱ्या फ्रेमवर बसवून, रिकामी नळी घालून तपासा. नळी लाकडाला न लागता सरळ मागे पडली पाहिजे.

कडांपाशी येताना कानस सोडा. धातू आणि लाकूड जिथे मिळतात तिथे पेपर नेहमी सपाट कठीण लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फिरवा. नुसत्या बोटाने घासलं तर मऊ लाकूड जास्त झिजतं, कड गोल होते आणि धातूची धार वर उरते. शेवटची पातळी जुळवणं नकली फ्रेमवर 180 नंबरपर्यंत न्या. मग फळ्या टेप लावलेल्या खऱ्या फ्रेमवर बसवून टेपच्या जाडीएवढं उरलेलं लाकूड फार सावकाश, 320 ने. टेप पांढरी-भुरकट व्हायला लागली की थांबा.

घासणं आणि फिनिश

80, 120, 180, 240, 320, 400 हा क्रम मोडू नका. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते तिरप्या उजेडात बघा. 240 नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसा, सुकू द्या. दबलेले तंतू उभे राहतात, ते 320 ने कापून टाका. हे केलं नाही तर पहिल्याच घामाने मूठ खरखरीत होते.

पहिल्या जोडीला चौकटीची नक्षी कोरू नका. एका इंचात 18 ते 20 रेघा, दोन्ही दिशांनी, सगळ्या समांतर ठेवायच्या तर टाकाऊ लाकडावर बराच हात बसवावा लागतो.

फिनिशसाठी उकळून तयार केलेलं जवसाचं तेल किंवा टंग झाडाच्या बियांचं टंग तेल. जाड वॉर्निश नको: घामट हाताला ते निसरडं होतं आणि धातूच्या कडेला टवके उडतात. तेलाचा पातळ हात द्या, 15 ते 20 मिनिटांनी वर राहिलेलं सगळं कोरड्या कापडाने पुसून काढा, 24 तास थांबा. असे पाच-सहा हात. तेल वर तसंच राहिलं तर ते चिकट साय धरतं आणि आठवडाभर सुकत नाही.

तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक पसरून उघड्यावर वाळवा, मगच फेका.

आतली बाजू, पिनचं भोक आणि वाटीचं भोक यांनाही लाखेचा एक पातळ हात हवाच. एक बाजू बंद आणि दुसरी उघडी असलेली फळी हवेतली ओल एकाच बाजूने पिते आणि वाकते. शिवाय रिव्हॉल्व्हरला घातलेलं तेल हळूहळू खाली मुठीकडे झिरपतं. उघड्या लाकडात ते मुरलं की लाकूड काळं पडतं, मऊ होतं आणि पिनचं भोक ढिलं पडतं.

शेवटची तपासणी

रिव्हॉल्व्हर पुन्हा रिकामी आहे हे बघून मगच मूठ बसवा. स्क्रू बोटाने घट्ट होईपर्यंत फिरवा आणि त्यापुढे पेचकसाने एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. मग एकेक गोष्ट: सिलिंडर पूर्ण उघडतं का, खटका अडकत नाही ना, हॅमर सावकाश मागे ओढताना कुठे घासल्याचा आवाज येतो का, ट्रिगर पूर्ण पुढे परत येतो का. आत काही घासत असेल तर बहुतेक वेळा तो स्क्रू असतो, स्प्रिंगच्या दांडीला लागलेला. फळी काढून स्क्रूवर चमकलेली जागा दिसते का ते बघा. दिसली तर भोकाची जागा गुल्ली घालून बदला, स्क्रू तासून बारीक करू नका. मूठ काढल्यावरही हॅमर जड चालत असेल तर दोष लाकडाचा नाही, आणि शस्त्र परवानाधारक कारागिराकडे न्यायचं.

नेमबाजीच्या मैदानावर पहिल्या 50 गोळ्यांपर्यंत प्रत्येक सिलिंडर रिकामं झालं की स्क्रू तपासा. लाकूड आतल्या बाजूला किंचित दबतं, त्यामुळे सुरुवातीला एक-दोनदा स्क्रू सैल होणं साहजिक आहे. त्यानंतरही होत राहिला तर आतल्या बाजूला पोट राहिलंय. घरी आल्यावर फळ्या काढून भिंगाने दोन जागा बघा: वरच्या शिंगाचं मूळ, आणि पिनच्या भोकापासून बुडाच्या कोपऱ्याकडे जाणारी रेषा. केसाएवढा तडा दिसला तर त्यात पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडून चालू शकतं, पण तेवढ्यावर सोडू नका. तडा पडला म्हणजे फळी कुठेतरी एकाच ठेप्यावर टेकतेय. काजळ पुन्हा काढा आणि ती जागा शोधा.